खडूची खूण

"कोणीतरी त्यांना गोळ्या देतंय," पेशी म्हणाली, आणि टेबलाभोवतीच्या बाकी तिघांनी एकाच वेळी पाण्याच्या पेल्याला हात घातला.

जेवणं नुकतीच उरकली होती. दादा आतल्या खोलीत पाठीवर पडून होते. कालच त्यांच्या पोटातल्या मूत्रपिंडाचा सुईनं इवलासा तुकडा काढून तपासायला नेला होता, आणि सुट्टी असली तरी आज दुपारी फोन करून निकाल सांगते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. डॉक्टर आपण होऊन सुट्टीच्या दिवशी फोन करतो म्हणाला की घरचे काय समजायचं ते समजतात. त्यामुळे सकाळपासून कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

"नीट सांग," हेडबाई म्हणाल्या. निकाल ऐकायला आलेल्या दादांच्या या धाकट्या बहिणीला शाळेची मुख्याध्यापकी सोडून बरीच वर्षं झाली, पण त्यांनी आवाज लावला की समोरचा अजूनही आपोआप ताठ बसतो.

"काकांच्या गोळ्या बंद करून दोन महिने होत आले. रक्तात त्यांचा मागमूस उरायला नको. काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी काकांना कळवलं, तर औषध आहे. नुसतं आहे असं नाही, सगळ्या गोळ्या चालू होत्या तेव्हा जेवढं असायचं त्याच्या दुप्पट आहे."

"यंत्र बिघडलं असेल," भाऊ म्हणाला.

"दोन वेगळ्या यंत्रांवर बघितलंय बाबा. रक्तही दोनदा घेतलं."

"मग नळ्यांची अदलाबदल."

"दोन्ही वेळा?"

भाऊ पाणी प्यायला. दादांच्या बायकोनं, वहिनींनी, पेला नुसताच हातात धरून ठेवला. हेडबाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली, म्हणजे आता उलटतपासणी सुरू होणार हे सगळ्यांना कळलं.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाचं, म्हणजे याच भाऊचं, मूत्रपिंड पोटात बसलं तेव्हापासून दादा सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत होते. शरीर परक्याला घरात थारा देत नाही, मग तो परका सख्ख्या भावाचा का असेना. गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगी देतात, पण ती सरसकट सगळ्यांना. त्यामुळे साधं पडसं झालं तरी दादा अंथरूण धरायचे, कातडीवरच्या वाईट गाठी दोनदा कापून काढाव्या लागल्या होत्या, आणि ज्या मूत्रपिंडाला वाचवायला गोळ्या, त्यालाच त्या सावकाश झिजवत होत्या. यावर काही तरी करायचं या वेडानं भाऊची मुलगी अभ्यासाला लागली. 'तुझ्या एका नखात किती पेशी आहेत सांगू?' असं विचारून तिनं लहानपणीच घरादाराला जेरीस आणलं होतं, म्हणून तिचं नाव पेशी पडलं. पुढे तिनं त्याच पेशींवर पोट भरायचं ठरवलं तेव्हा दुसरं नाव शोधायची गरज उरली नाही.

तिच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपून लोकांनी काढलेली युक्ती ऐकायला साधी होती. पहारेकऱ्यांमध्येच काही समजूतदार असतात, ते बाकीच्यांना आवरतात. तेवढे दादांच्या रक्तातून वेचायचे, भाऊच्या रक्ताशी त्यांची ओळख करून द्यायची, त्यांची संख्या वाढवायची आणि परत दादांच्या अंगात सोडायचे. मग गोळ्या हळूहळू कमी करत एक दिवस थांबवायच्या. उंदरांमध्ये हे जमलं होतं. माणसांमध्ये आता कुठे करून बघत होते, आणि त्या मोजक्या माणसांत दादा होते. घरचा रुग्ण म्हणून पेशीला त्यांच्या नळ्यांना हात लावायचीही मनाई होती. नशीब, नाही तर आज तिच्यावरच आळ आला असता.

"देतंय म्हणजे कोण?" हेडबाईंनी विचारलं. "या घरात माणसं आहेत किती? दादा, वहिनी, आणि वरच्या मजल्यावर तुम्ही बापलेक."

"म्हणूनच विचारतेय," पेशी म्हणाली. तिनं बापाकडेही पाहिलं नाही आणि ज्यांना ती मोठी आई म्हणायची त्या वहिनींकडेही नाही. टेबलावरच्या मिठाच्या भांड्याकडे पाहत ती म्हणाली, "रागावणार नाही मी. मला फक्त खरं काय ते कळू दे. त्यांचे हात थरथरतायत. मूत्रपिंडाचं काम मंदावलंय. उद्या डॉक्टरीणबाईंना वाटलं की शरीरानं मूत्रपिंड नाकारलंय, तर त्या आणखी जबर औषधं देतील, आणि खरं कारण हेच औषध निघालं तर आपणच आपल्या हातानं ते मूत्रपिंड घालवलेलं असेल."

मग वहिनी उठल्या आणि भांडी गोळा करू लागल्या, आणि भाऊ खाली कारखान्यात काही तरी राहिलंय म्हणून निघून गेला.

*

वहिनी भांडी घासताना कधी बोलत नाहीत, पण आज नळ जरा जास्तच मोठा सोडला होता. हेडबाई शेजारी फडकं घेऊन उभ्या राहिल्या. मदतीपेक्षा चौकशीचा भाग त्यात जास्त होता.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला कोण विचारतंय, ताई? ती शिकलेली आहे."

"मी विचारतेय ना."

वहिनींनी पातेलं उपडं ठेवलं. त्यांच्या मनात मघापासून एकच हिशेब घोळत होता आणि तो काही केल्या जुळत नव्हता. साखरेच्या डब्यामागे, दवाखान्यात परत केल्या असं सांगून ठेवून घेतलेल्या गोळ्या होत्या. त्यातल्या त्या रोज रात्री फोडून दुधात ढवळत होत्या, हे खरं. पण जुनी मात्रा जेवढी होती तेवढीच. सकाळची आणि संध्याकाळची मिळून, एकाच वेळी, एवढाच फरक. त्यावर एक कण जास्त नाही. अकरा वर्षं गजर लावून, लग्नाकार्यातून उठून, तापात असताना भिंतीला धरत येऊन त्यांनी ज्या गोळ्या दिल्या, त्यांची मात्रा त्या चुकतील? मग हे दुप्पट आलं कुठून?

आपण काही चोरी करतोय असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. गोळ्या बंद झाल्या त्या रात्री गजर वाजला नाही आणि त्या दचकून उठून बसल्या होत्या. शेजारी दादा शांत झोपले होते. तेव्हा त्यांना एवढी भीती वाटली की उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दूध तापवायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी सवय झाली. जे दिलं ते त्यांच्या दृष्टीनं औषध होतं आणि बाकी सगळा प्रयोग होता. तर जास्तीचं जे निघालं, ते प्रयोगातूनच आलं असणार. त्या पोरीनं पिशवीभर पाण्यासारखं काही तरी शिरेतून सोडलं होतं, त्यात काय होतं हे घरात कुणी पाहिलंय?

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "ते जे यांच्या अंगात सोडलं, त्यातच औषध नसेल कशावरून?"

हेडबाईंचं फडकं थांबलं.

"म्हणजे बघा, गोळ्या बंद केल्या असं म्हणायचं, आतून द्यायच्या, आणि प्रयोग यशस्वी झाला म्हणून मिरवायचं. असं करतही असतील. आपल्याला काय कळतंय?"

"पेशी असं करील?"

"पेशी नाही हो करणार. मी वाढवलंय तिला." तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि त्या दिवसापासून ती वहिनींच्याच कुशीत झोपत असे. "पण तिच्या वरची माणसं असतील. तिलाही माहीत नसेल. उंदीर संपले की माणसं. आपले हे त्यांना आयते मिळाले."

हेडबाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष वहिनींच्या बोलण्यापेक्षा हातांकडे होतं. त्या एकच वाटी तिसऱ्यांदा घासत होत्या.

*

खाली कारखाना सुट्टीमुळे बंद होता. कारखाना म्हणायचा एवढंच, एक लांबट खोली, दोन बाकं, आणि भिंतीला लागून दुरुस्तीला आलेले वजनाचे काटे. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे. दोन्ही भाऊ आयुष्यभर काटेच दुरुस्त करत आले होते. एवढीशी वजनं चिमट्यानंच उचलायची, बोटाचा तेलकटपणाही वजनात धरला जातो, हे त्यांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं गेलं होतं. गेले काही दिवस दादांच्या हातून चिमटा सुटत होता. वजन टिचकन जमिनीवर पडलं की दोघेही ते पडलंच नाही असं दाखवत.

पेशी जिना उतरून आली तेव्हा भाऊ एका काचबंद काट्यापुढे वाकून उभा होता.

"याला खूण नाही," तो म्हणाला. "दादानं हात लावलाय की नाही, काही कळायला मार्ग नाही. आता मला पहिल्यापासून तपासावा लागणार."

"बाबा, मी काय विचारलं वर?"

"आधी हे बघ. तुझ्या आजोबांनी घालून दिलेली शिस्त आहे. काट्याला हात लावला की त्याच्या खालच्या फळीवर खडूनं रेघ ओढायची. रेघ दिसली की दुसऱ्यानं शिवायचं नाही. का, माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली होती की ती झोपेतही म्हणून दाखवू शकली असती. भाऊ तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. एका सोनाराचा काटा थोडासा उजवीकडे झुकत होता. दादांनी सकाळी तो डावीकडे आणून सरळ केला आणि ते बाहेर गेले. भाऊनं, दादा विसरला असेल, त्याला बोलणी बसायला नकोत, म्हणून न तपासताच गुपचूप तेवढाच आणखी डावीकडे सरकवला. सोनार दुसऱ्या दिवशी दारात येऊन ओरडला होता. आजोबांनी दोघांना समोर उभं करून विचारलं, कुणी केलं? दोघांनीही एकदमच सांगितलं, मी. त्या दिवसापासून खडू आला.

"बाबा, तुम्ही देताय का त्यांना?"

"मी?" भाऊनं चष्मा काढून पुसला. "वहिनींना विचार. सगळं खाणंपिणं त्यांच्या हातात. तुम्हा दवाखान्यातल्या लोकांवर विश्वास टाकायच्या आधी त्या भिंतीवरच्या पालीवर टाकतील."

"त्यांनाही विचारणारच आहे. आता तुम्हाला विचारतेय."

भाऊला आपल्या मुलीचा राग आला होता आणि तो आजचा नव्हता. तिनं त्याच्याकडे रक्त मागितलं, त्यानं दिलं. कितीतरी बाटल्या दिल्या. पण गोळ्या थांबवायच्या का, हे तिनं त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. ठरवलं ते डॉक्टरांनी, दादानं आणि तिनं. ज्याच्या अंगातून काढून दिलं तो कोण? वरच्या मजल्यावरचा भाडेकरू? त्यानं ते मूत्रपिंड काही प्रयोगाला दिलं नव्हतं. आपल्या दादाला दिलं होतं.

म्हणून गोळ्या थांबल्यावर त्यानं एक दिवस दादाला इथेच, या बाकापाशी, सकाळच्या चहाबरोबर दोन दिवसांचं मौन सोडून म्हटलं होतं, "दादा, माझ्यासाठी." आणि तळहात पुढे केला होता. ओळखीच्या औषधवाल्याचा काटा तो फुकट दुरुस्त करायचा, त्याच्याकडून आणलेल्या गोळ्या होत्या. दिवसाच्या सगळ्या, एकाच वेळी. दादांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं, गोळ्या तोंडात टाकल्या आणि चहा प्यायले. त्यावर दोघांत परत कधी बोलणं झालं नाही. रोज अकराचा चहा आला की भाऊ हात पुढे करायचा.

पण जुन्या मात्रेपेक्षा त्यानं काही जास्त दिलं नव्हतं. मग दुप्पट कशी? वहिनी. नक्की वहिनी. ही बाई एक दिवस दादाला औषधानंच मारणार.

"मी म्हणतो, आधी तुमचा काटा तपासा," तो पेशीला म्हणाला. "माणसांवर आळ घेण्याआधी काटा तपासायचा असतो."

"काटा बरोबर आहे, बाबा."

"तुझा काटा नेहमीच बरोबर."

त्याच्या खिशातून डोकावणारा खडूचा तुकडा पेशीला दिसत होता. लहानपणी त्याच खडूनं ती याच फरशीवर पहारेकरी काढायची, टोप्या घातलेले. आपल्या बापाला खोटं बोलता येत नाही, फक्त विषय बदलता येतो, हे तिला फार आधीपासून ठाऊक होतं. ती जिना चढून वर गेली.

*

फोन आला तेव्हा सगळे पुन्हा टेबलापाशी होते. दादाही उठून आले होते. वहिनींनी त्यांच्या पाठीशी उशी दिली, भाऊनं खुर्ची सरकवली, पेशीनं त्यांच्या पुढ्यातला पेला अर्धाच भरला, कारण पूर्ण भरलेला आता त्यांच्याच्यानं उचलवत नव्हता. दादांनी तिघांकडेही बघून मान डोलावली. ते नेहमी तशीच मान डोलावायचे.

त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"नाकारलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगली बातमी आधी सांगते. पहारेकऱ्यांनी हल्ला केल्याची एकही खूण त्या तुकड्यात नाही. पण औषधानं इजा झालेली दिसते. जास्त झालंय, आणि रोज होतंय. वेळीच थांबलं तर बहुतेक भरून येईल. नाही थांबलं तर मी काही सांगू शकत नाही. मी तुम्हाला काल विचारलं होतं, तुम्ही काही घेत नाही म्हणालात."

"हो," दादा म्हणाले.

"उद्या सकाळी या. आणि खरं काय ते घेऊन या."

फोन बंद झाला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, आणि पदराआडून त्या भाऊकडे बघत होत्या. भाऊ वहिनींकडे बघत होता. हेडबाई दोघांकडे बघत होत्या.

"जास्त झालंय म्हणाल्या त्या," भाऊनं सुरुवात केली. "वहिनी, दोन घास जास्त वाढावेत तसं औषध वाढायचं नसतं."

"मी? भाऊजी, तोंड सांभाळून बोला. यांना दिवसभर खाली बाकापाशी कोण बसवून ठेवतं? वर येईपर्यंत यांच्या पोटात काय काय गेलेलं असतं ते मला काय ठाऊक?"

"मी जेवढं द्यायला हवं तेवढंच..." भाऊ मध्येच थांबला.

"अस्सं," हेडबाई म्हणाल्या.

"म्हणजे तसं नाही, मी म्हणत होतो..."

"दुप्पट," पेशी मध्येच म्हणाली. ती कुणाशीच बोलत नव्हती. जुन्याच्या दुप्पट. दीडपट नाही, तिप्पट नाही. तिला एकदम आजोबांच्या पुढे उभे राहिलेले दोन भाऊ दिसले. "मोठे आई, तू जुनी मात्रा देत होतीस ना? बरोब्बर तेवढीच?"

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या.

"दुधातून," त्या म्हणाल्या. "एक कण जास्त नाही गं. तुझी शपथ."

"आणि बाबा, तुम्हीही तेवढीच."

भाऊनं मान खाली घातली.

"या काट्याला दोन हात लागलेत," पेशी म्हणाली. "आणि दोघांनीही खूण केली नाही."

मग जो गोंधळ झाला तो या घराला साजेसाच होता. वहिनी भाऊला म्हणाल्या की तुम्ही मला न विचारता माझ्या नवऱ्याला औषध दिलंतच कसं, आणि भाऊ वहिनींना म्हणाला की तुम्ही मला न विचारता माझ्या मूत्रपिंडावर औषध घातलंत कसं. दोघेही एकमेकांना तेच आणि तेवढ्याच खऱ्या रागानं विचारत होते. हेडबाई दोघांनाही गप्प बसा म्हणत होत्या, त्यामुळे आवाज आणखी वाढत होता. मघाशी पेशीविरुद्ध एक झालेल्या नणंदभावजया आता वेगळ्या झाल्या होत्या, आणि बाप मुलीच्या आड लपायला बघत होता.

पेशी मात्र दादांकडे बघत होती. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

आवाज थांबले.

"पेल्याच्या तळाला पांढरं राहायचं," दादा म्हणाले. "मी काटेवाला आहे. एवढं दिसतं मला."

"अहो, मग बोलला का नाहीत?" वहिनी ओरडल्या.

"दूध प्यालो की तू झोपायचीस. त्या आधी तू रात्ररात्र माझ्या नाकाशी हात धरून श्वास बघायचीस. मला जाग असायची."

"आणि माझ्या गोळ्या?" भाऊनं विचारलं. "मला सांगायचंस ना, की वहिनी देतात म्हणून!"

"तू हात पुढे केलास. तू म्हणालास, माझ्यासाठी. तुला काय सांगू?" दादांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, थरथर दिसू नये म्हणून, पण त्यामुळे पेला वाजायला लागला. "अकरा वर्षं झाली. तुझ्या अंगातलं काढून माझ्या पोटात घातलं. हिनं स्वतःचं जगणं गजरावर लावलं. असं दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसानं 'नाही' कुणाला म्हणायचं? ते मला जमेनासंच झालं. कुणी काही पुढे केलं की मी घेतो."

वहिनी आता खरोखरच रडत होत्या. भाऊ कपाळाला हात लावून बसला होता. पेशीच्या मनात मात्र एक वाक्य अडकलं होतं आणि ते तिला पुढचं काही ऐकू देत नव्हतं. कुणी काही पुढे केलं की मी घेतो.

"आणि मी?" तिनं विचारलं. "मी प्रयोगाचं विचारायला आले होते. खाली, तुमच्या बाकापाशी. तुम्ही लगेच हो म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला हवंय."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना ती फार आवडत असे, आणि म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला.

"तुझे डोळे इतके चमकत होते, बाळा."

"म्हणजे नको होतं."

"मी स्वतःला विचारलंच नाही. तू विचारलंस, मी हो म्हटलं."

दवाखान्यातल्या लोकांनी दादांना समजावायला किती वेळ घेतला होता. धोके सांगितले, प्रश्न विचारायला सांगितले, घरी जाऊन विचार करा म्हणाले, मनात येईल तेव्हा बाहेर पडा म्हणाले. दादा प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते. आणि त्या समजूतदार पेशी दादांच्या अंगात आपलं काम करतात की नाही, हेही आता कुणाला सांगता येणार नव्हतं, कारण त्यांना एक दिवसही गोळ्यांवाचून मोकळं सोडलेलंच नव्हतं. तिची एवढ्या वर्षांची मेहनत या टेबलावर दुधाच्या आणि चहाच्या पेल्यात गेली होती. पण तिला रडू आलं ते त्यामुळे नाही. मोठ्या आईनं जे केलं, बापानं जे केलं, तेच आपणही केलं, फक्त नीट पांढरा कोट घालून केलं, हे तिला कळलं म्हणून आलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "उद्या मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगते."

"नाही," दादा म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांनी निघाला होता की वहिनींना आधी वाटलं, त्यांना काही तरी दुखतंय.

"मी सांगेन," दादा म्हणाले.

"बरं, मग मी येते बरोबर," वहिनी लगेच म्हणाल्या. "तुमचे जुने निकाल सगळे माझ्याकडे..."

"नाही."

"दादा, वेडेपणा करू नकोस. अशा हातांनी एकटा कुठे जातोस? मी रिक्षा करतो, मी नुसता बाहेर बसेन."

"नाही, भाऊ."

"काका, निदान काय विचारायचं ते तरी मी..."

"तूही नाही. गोळ्या परत घ्यायच्या की सोडायच्या, तुमच्या त्या प्रयोगात राहायचं की बाहेर पडायचं, हे मी तिथे बसून ठरवीन. मला कदाचित हवंही असेल ते. मला माहीत नाही. पण आधी मला एकट्याला विचारू दे."

हेडबाईंनी तोंड उघडलं, तसं दादांनी बोट वर केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हेडबाईंनी ते परत मिटलं.

दादांनी भाऊपुढे तळहात धरला. भाऊ गोंधळला. रोज या हातावर तो जे ठेवायचा ते आज त्याच्याकडे नव्हतं. "खडू," दादा म्हणाले. भाऊनं खिशातून तुकडा काढून दिला.

दादांनी खाली मान घातली, डाव्या हातानं सदरा ताणून धरला आणि पोटावर उजव्या बाजूला, खाली, जिथे आत भावाचं मूत्रपिंड होतं, तिथे एक रेघ ओढली. हात थरथरत होता, त्यामुळे ती वाकडीतिकडी आली. मग त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि टेबलाला धरून उठायला लागले. पहिल्या खेपेला जमलं नाही. वहिनी, भाऊ आणि पेशी तिघांचेही हात एकदम पुढे झाले, आणि रेघेकडे लक्ष जाताच तिघांनीही ते मागे घेतले.

दुसऱ्या खेपेला दादा आपले आपण उठले.